ऐकू न आल्याचा हिशेब

आमचे आण्णा 31 वर्षं इचलकरंजीत यंत्रमाग चालवतायत. अजूनही पाळीला जातात. गेल्या वर्षी किराणा दुकानात 'साठ' म्हटलेलं त्यांनी 'आठ' ऐकलं आणि दहाची नोट पुढे केली. दुकानदार हसला, आण्णाही हसले. घरी येऊन मात्र तो सगळा दिवस कुणाशी बोलले नाहीत.

कानाच्या डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात रेघ बरीच सरळ चालत येते आणि 4000 हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. स, श, फ यांसारखे बारीक आवाज आधी जातात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. म्हणून बहिऱ्याला 'ऐकून न ऐकल्यासारखं करतो' असं म्हणतात, आणि अर्ध्या अर्थाने ते खरंही असतं.

कानाखाली जोरात बसली आणि पडदा फाटला, तर तो पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप भरतो. नाहीच भरला तर शस्त्रक्रिया करून नवा लावता येतो. आतल्या शंखातल्या केशपेशींचं तसं नाही. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण गेलेली स्पष्टता पूर्ण परत आणत नाही.

बहिणीचं म्हणणं, नुकसानभरपाई मागायची. कायद्यात सोय आहे. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात गोंगाटाने आलेला बहिरेपणा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. आण्णांचं उत्तर एका वाक्यात होतं : "मालकालाबी ऐकू येत न्हाई, त्येनं कुणाकडं मागायची?"

हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. शेड बारा मागांची. मालक स्वतः त्याच शेडमध्ये उभे असतात, रात्रपाळीचा माणूस आला नाही तर स्वतः माग चालवतात. कानात घालायच्या गोळ्या त्यांनी एकदा आणून दिल्या होत्या. आण्णांनीच त्या काढून ठेवल्या, कारण धागा तुटला, धोटा अडकला, की ते आधी कानाला कळतं. मजुरी मीटरवर. कान झाकला तर कापड बिघडतं, उघडा ठेवला तर कान बिघडतो. मग दोष कुणाचा?

मला वाटतं, प्रश्न इथेच चुकतो. भरपाई म्हणजे शिक्षा असं आपण धरून चालतो, म्हणून आधी गुन्हेगार शोधतो आणि तो सापडला नाही की हिशेब बंद करतो. पण त्या कायद्याची मूळ कल्पना वेगळी आहे. व्यवसायजन्य रोगासाठी मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही; काम करताना झालेली हानी हा त्या कामाचाच खर्च आहे, एवढंच म्हणायचं असतं. सूत, वीज, भाडं जसं कापडाच्या भावात येतं, तसा कानही यायला हवा. तो येत नाही म्हणून कान फुकट पडतो, आणि फुकट वस्तू कुणी जपून वापरत नाही.

तरी कायद्याची मोजपट्टी तोकडीच आहे. पूर्ण बहिरेपणाला तो शंभर टक्के धरतो, पण त्याच्या अलीकडे तो मोजतो ती कमाईची क्षमता. आण्णांची कमाई कुठे कमी झाली? बहिरा विणकर तेवढंच कापड काढतो. गमावलं ते घरात : नातीचा बारीक आवाज, लग्नातल्या गप्पा, रात्रीची शांतता (आता तिथे सतत शिट्टी वाजते). रस्त्यावर ट्रकने धडक दिली असती, तर न्यायाधिकरणाने वेदनेचा आणि हरवलेल्या सुखाचाही विचार केला असता. शेडमध्ये माणूस फक्त कमावणारा हात असतो. म्हणून मिळणारी रक्कम कानाची किंमत आहे असं कुणी म्हणू नये. ती एक पोच आहे : हे झालं, इथे झालं, कामामुळे झालं.

अर्जात अपघाताची तारीख लागते. 31 वर्षांतली कुठली लिहायची? रोज संध्याकाळी कान बधिर व्हायचे, सकाळी बरे वाटायचे. एक दिवस बरे झाले नाहीत, तो दिवस कुणी लिहून ठेवलेला नाही. कायद्याने यावर तोडगा काढलाय. अशा रोगामुळे कामगाराचा खाडा पडत नसेल, तर मुदत तो मालकाला कळवतो त्या दिवसापासून मोजायची. म्हणजे कायद्याच्या लेखी हानीची सुरुवात सांगण्यापासून होते. तोवर ती फक्त आण्णांची खासगी लाज असते, किराणा दुकानातल्या हसण्यासारखी.

हे मी त्यांच्या समोर बसून, सावकाश, ओठ दिसतील असं सांगितलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "लेखी दे. तोंडी सांगून मालकाला कळायचं न्हाई."