अर्ध्यात सुटलेल्या नेमाचं काय होतं?

योगाची एवढी शिकवण ऐकून झाल्यावर अर्जुनाला जी शंका येते, ती अगदी व्यवहारातली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात तो विचारतो : एखाद्याची श्रद्धा खरी आहे, पण चिकाटी पुरली नाही, मन ढळलं आणि साधना अर्ध्यात सुटली, तर त्याचं काय होतं? इकडचंही गेलं, तिकडचंही हाती लागलं नाही, असा तो विरणाऱ्या ढगासारखा नाहीसा होतो का? घराच्या कोपऱ्यात मोबाइलवर आठ-नऊ भाग रेकॉर्ड करून मग गप्प झालेल्या पॉडकास्टरलाही आज हाच प्रश्न छळत असतो.

पॉडकास्ट हा शब्द बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने ‘गार्डियन’मध्ये १२ फेब्रुवारी २००४ रोजी वापरला. त्याच महिन्याच्या २० तारखेला अ‍ॅलिस्टर कुक यांच्या ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ या रेडिओ कार्यक्रमाचा शेवटचा भाग बीबीसीवर लागला. १९४६पासून ५८ वर्षं, आठवड्याला एक, एकूण २,८६९ भाग! सातत्याचं उदाहरण म्हणून कुक यांचं नाव घ्यावंच. पण त्यांच्यामागे एक संस्था उभी होती, हेही सांगावं. वेळ ठरलेली, तंत्रज्ञ हाताशी, मानधन चालू. स्वतंत्र पॉडकास्टरला विषय शोधण्यापासून आवाज साफ करून भाग चढवण्यापर्यंत सगळं स्वतःच करावं लागतं, आणि बहुतेकदा पदरचे पैसे घालून.

त्यातून हा पॉडकास्टर खेड्यातला असेल, तर? हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातलं सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. वरच्या अंगाला येलदरी धरणाच्या वीजघरातून सुटलेलं पाणी इथे अडवतात आणि कालव्यांनी पुढच्या शेतांना देतात. अशा गावातून कुणी पॉडकास्ट करायचं ठरवलं, तर त्याचं वेळापत्रक पाणी आणि पीक ठरवणार. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की रात्र शेतात जाते. हा सगळा हळदीचा मुलूख. काढणी आणि शिजवणी सुरू झाली की घरातलं कुणीच मोकळं नसतं. ‘दर सोमवारी सकाळी सातला नवा भाग’ हा शहरी सल्ला इथे एका हंगामातच मोडतो. आणि तो मोडला की माणूस स्वतःलाच बोल लावतो : आपल्यात जिद्दच नाही.

हा बोल अन्यायाचा आहे. एकट्याच्या जिद्दीवर अखंडपणा तोलण्याची अपेक्षा इथल्या धर्मपरंपरेने सामान्य माणसाकडून कधी केलीच नाही.

मराठवाड्यात गावोगावी होणारा अखंड हरिनाम सप्ताह बघा. सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली टेकवायची नसते. पण ती एकाच्याच गळ्यात सात दिवस नसते. पहारे वाटून दिलेले असतात. पहाटे तीनचा पहारेकरी डोळे चोळत येतो, आधीच्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि आधीचा घरी जाऊन झोपतो. त्याने झोपण्यात कुणाला नेमभंग दिसत नाही. चातुर्मासाचे नेमही असेच माणसाला झेपणारे. चार महिने एखादी गोष्ट पाळायची, कार्तिकात उद्यापन करायचं आणि मोकळं व्हायचं. मुदत आधीच ठरलेली असल्यामुळे थांबणं म्हणजे हरणं ठरत नाही. बारा भागांचं एक पर्व करून, तसं श्रोत्यांना सांगून थांबणारा पॉडकास्टर हेच करत असतो. न सांगता गळून पडणं आणि उद्यापन करून थांबणं यांतला फरक ज्याच्या त्याच्या मनाला पुरेपूर कळतो.

हिंगोली जिल्ह्यातल्याच नरसीचे, परंपरेप्रमाणे इथेच जन्मलेले संत नामदेव (१२७०–१३५०) यांच्या नावावर तर अशक्य कोटीतला एक संकल्प सांगितला जातो : शतकोटी अभंगांचा. एका जन्मात हे होणारं नव्हतंच. मग काय झालं? आई गोणाई, पत्नी राजाई, नारा, म्हादा, गोंदा, विठा ही मुलं आणि गंगाखेडहून आलेली जनाबाई, सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. सुमारे तीन शतकांनी देहूच्या तुकोबांनी सांगितलं, की पांडुरंगाला घेऊन नामदेव स्वप्नात आले आणि उरलेले अभंग पुरे करायला सांगून गेले. संकल्प एकाचा, पण तो चालवणारे अनेक. जनाबाईंच्या अभंगांना कमी लेखून कुणी त्यांना नामदेवांच्या संकल्पातली भरती म्हणत नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. स्वतंत्र असणं म्हणजे एकटं असणं नव्हे. मालकी कुणाची नसावी. सोबत असायला काय हरकत आहे?

नुसत्या नियमितपणाचीही परंपरेने भीड ठेवलेली नाही. विठ्ठलाशी रोज बोलणारे नामदेव, तरी तेरला संतमेळ्यात संत गोरोबाकाकांनी त्यांची पारख केली आणि ते कच्चे ठरले. मग ते औंढ्याला आले, नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांना भेटले आणि त्यांचे शिष्य झाले. भक्तीत खंड नव्हता, तरी काही शिकायचं राहिलं होतं. आठवडा चुकू नये म्हणून काहीतरी बोलून भाग चढवणाऱ्याने या कथेपाशी थांबून विचार करावा. अमेरिकेतले डॅन कार्लिन २००६पासून ‘हार्डकोअर हिस्टरी’ करतात. त्यांच्या दोन भागांत कित्येक महिने जातात, एकेक भाग तासन् तास चालतो, आणि पहिल्या महायुद्धावरची त्यांची सहा भागांची मालिका २०१३ ते २०१५ अशी रेंगाळली. तरी ऐकणारे वाट पाहत राहिले, कारण तयारीत त्यांनी कसूर केली नाही. ही सवलत कुणालाही आपसूक मिळत नाही, हेही खरं. ती कमवावी लागते.

आता अर्जुनाच्या प्रश्नाचं उत्तर. श्रीकृष्ण म्हणतात, की चांगलं करू पाहणारा दुर्गतीला जात नाही. पुढच्या जन्मी पूर्वीचा अभ्यासच त्याला ओढून घेतो आणि तो सुटल्या ठिकाणाहून पुढे निघतो. पॉडकास्टच्या मूळ रचनेतही परतीची अशी वाट आहे. नवे भाग आपोआप पोहोचवणाऱ्या आरएसएस फीडला जोडलेला श्रोता, त्याने स्वतःहून नातं तोडलं नाही तर, जोडलेलाच राहतो. फीड जिवंत ठेवली असेल, तर दोन वर्षांनी आलेला भागही त्याच्या यादीत दिसतो. म्हणून थांबलेल्याने जुने भाग लाजून पुसून टाकू नयेत.

सिद्धेश्वरला तर अशा, थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या पॉडकास्टची तातडीने गरज आहे. पूर्णा प्रकल्पाचं काम साठच्या दशकात झालं. तेव्हा वयात आलेली, धरणाच्या कामावर राबलेली किंवा जमीन पाण्याखाली जाताना पाहिलेली माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी वेळेत रेकॉर्ड व्हायला हव्यात. हळद उरकल्यावर अक्षय्य तृतीयेपासून आषाढीपर्यंत आठ भाग होऊ शकतात : एकाने प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने आवाज सांभाळायचा, पहिला अडकला तर दुसऱ्याने माइक हाती घ्यायचा. आठव्या भागात सांगून थांबायचं, आणि ज्यांच्याशी बोलायचं राहिलं त्या आजोबा-आजींसाठी कार्तिकात पुन्हा सुरू करायचं.