गोष्ट आणि थाप

आपल्या गावात हल्ली घराघरांत हेच चित्र दिसते. मुलगा नि सून सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात आणि नातवंडे आम्हा म्हाताऱ्यांच्या हाती राहतात. टीव्ही लावून दिला तर सून रागावते, मोबाइल दिला तर तो परत मिळत नाही. उरते ती गोष्ट.

आमचा चार वर्षांचा नातू एका सकाळी मम्मीसाठी रडू लागला. आम्ही म्हणालो, “मम्मी दुकानात गेलीय, आत्ता येईल.” तो ओट्यावर जाऊन बसला. जेवायला उठेना. दुपारी तिथेच झोपी गेला. संध्याकाळी सून आली तेव्हा तिच्या हातात सामानाची पिशवी नाही, हे त्याने बरोबर पाहिले. तेव्हापासून चिमणी-कावळ्याची गोष्ट सुरू केली की तो मध्येच विचारतो, “आजी, हे खरं की खोटं?”

मेणाच्या घरात राहणारी चिमणी आपण कोणीच पाहिलेली नाही. मग दुकानाची ती थाप, आणि चिमणी बोलली ती मात्र थाप नाही, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

पवित्र शास्त्रातही झाडे बोलतात. शास्त्यांच्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात झाडे आपल्यासाठी राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर, द्राक्षवेल नकार देतात आणि शेवटी काटेरी झुडूप तयार होते. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ४२० च्या सुमारास लबाडीविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी याच झाडांचा आणि इसापाच्या प्राण्यांचा दाखला देऊन म्हटले आहे की, ही लबाडी नव्हे. झाडे खरोखर बोलली असे कोणाला पटवून देण्याचा तिथे हेतूच नसतो. त्यातून जे सांगायचे ते खरे असते. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली तीही अशीच. राजा आधी संतापला आणि मग त्याला कळले की, तो माणूस आपणच.

आमच्या दुकानाच्या गोष्टीत असे काय होते? पोराने खरे मानावे म्हणूनच ती सांगितली होती, तीही आमची सकाळ शांत जावी म्हणून. “एक होती चिमणी” म्हटले की, आता गोष्टीच्या गावात शिरलो, हे मुलाला कळते. “मम्मी आत्ता येईल” याला असा दरवाजा नसतो. “झोप, नाहीतर पोलीस येईल” हेही त्याच माळेतले. पुढे कधी जत्रेत हरवलेले पोर पोलिसाला पाहून पळाले, तर दोष कोणाचा?

हल्ली आम्ही त्याला घड्याळ दाखवतो. छोटा काटा सातवर आला की मम्मी येईल. तो रडतो, थोडा वेळ जास्तच रडतो. मग नाक पुसत मांडीवर येतो.

परवा गोष्टीत कावळा पावसात दार ठोठावत होता आणि चिमणी “थांब, बाळाला न्हाऊ घालते” म्हणत होती. नातू म्हणाला, “चिमणी पण तुझ्यासारखं आत्ता-आत्ता करते.”

त्या दिवशी आम्ही चिमणीला लवकर दार उघडायला लावले.