नाव सांगण्याचा धर्म

खोटं बोलू नये, हे मी वारीत शिकलो. पण कुणीही विचारलं की नाव सांगावंच, असा सत्याचा अर्थ होतो का? मला तसं वाटत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९ इथे मर्यादा घालतं. पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा केला किंवा तसा आरोप झाला आणि नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा वाटला, तर अटक होऊ शकते. ओळख पटली की जातमुचलक्यावर सुटका. २४ तासांत पटली नाही, तर दंडाधिकाऱ्यांपुढे. कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्याच्या अंगावरही त्याचं नाव स्पष्ट दिसायला हवं.

ही मर्यादा मला मोलाची वाटते, कारण आपल्याकडे आडनावातून जात वाचतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तसाच शिक्का वाहणारा पालावरचा माझा पारधी मित्र वारीत ‘माऊली’ असतो. चौकीत आडनाव सांगताना त्याचा आवाज खाली जातो.

म्हणून माझा निर्णय असा: कायदा मागेल तिथे खरंच सांगावं, पण मागणाऱ्यानेही कारण सांगावं. सत्याचं बंधन दोघांनाही सारखंच आहे.