'मी'ला बातमी उशिरा कळते का?

'हात उठला', 'तोंडातून निघून गेलं' असं आपण सहज म्हणतो. या वाक्यांत हात असतो, तोंड असतं. 'मी' मात्र शिताफीने गायब असतो. १९८३ साली बेंजामिन लिबेट या अमेरिकी शास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि या पळवाटेला विज्ञानाचा शिक्का मिळाला, असं अनेकांना वाटलं.

प्रयोग साधा होता. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेल्या माणसाने मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि समोर गोल फिरणारा ठिपका पाहून 'आता हलवावं' असं नेमकं कधी वाटलं ते सांगायचं. ही इच्छा हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी जाणवायची. मेंदूतला विद्युत संकेत मात्र सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच चढू लागलेला असायचा. म्हणजे निर्णय मेंदूचा आणि 'मी' फक्त सही करणारा? मग शिक्षा तरी कोणाला द्यायची?

पण हा चढ एकेका नोंदीत नीट दिसत नाही, अनेक नोंदींची सरासरी काढल्यावर दिसतो. २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. मेंदूत चढउतार सतत चालूच असतात. हात आत्ताच हलवायला काही कारण नसेल, तर त्यातलाच एखादा चढ उंबरठा ओलांडतो आणि हात हलतो. तो आधीच झालेला निर्णय असेलच असं नाही. २०१६ मध्ये बर्लिनच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली: संकेत सुरू झाल्यावरही लाल दिवा दिसला की माणसं थांबू शकतात. हालचालीला साधारण २०० मिलिसेकंद उरले, की मात्र परत फिरता येत नाही.

शिवाय मनगट हलवण्यात पणाला काय लागलेलं असतं? काहीच नाही. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळी घातली. 'गंभीर आणि आकस्मिक चिथावणी'चा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये फेटाळला. पत्नीची कबुली आणि गोळी यांत सुमारे तीन तास गेले होते. त्या वेळात त्यांनी कुटुंबाला सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणलं. शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयाचं म्हणणं.

पहिला राग कुठून उसळला, याचा जाब कदाचित कोणालाच विचारता येणार नाही. पण रागाने टाइप केलेला मेसेज पाठवण्याआधी स्क्रीनवर थांबलेला असतो. ते काही सेकंद मेंदूच्या हिशेबात फार मोठे आहेत, आणि त्यांचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.