सल्लागार कोणाचा?

वऱ्हाडांत अडत्या कोणाला नवा नाहीं. कापसाची गाडी बाजारांत आणणाऱ्यास अडत किती व ती कोण देणार, हें आधींच ठाऊक असतें. परंतु अचलपूरच्या माझ्या एका स्नेह्यांना मुंबईहून निघणाऱ्या जहाजाच्या सहलीचा बेत करतांना एवढी साधी चौकशी सुचली नाहीं. प्रवासाचा सल्लागार गोड बोलला, सल्ल्याचे पैसे घेईना, आणि त्यानें सज्जा असलेली महागडी खोली सुचविली. अशा सल्लागारांस दलाली बहुधा जहाजाची कंपनी देते व भाड्याबरोबर तीही वाढते, हें पुढें कळतांच स्नेही संतापले. बंदराचें शुल्क आणि नोकरांची बक्षिसी निराळी, हें कळल्यावर तर अधिकच.

मला त्यांचा राग अर्धाच पटतो. दलाली घेणें हा दोष नव्हे. ती न सांगणें हा दोष आहे. आणि न विचारणें? पैशाची गोष्ट काढणें आपणांस असभ्य वाटतें, व त्या सभ्यतेचा खर्च आपण मागाहून दुसऱ्याच्या नांवें मांडतों.

पण खरा पेंच पुढेंच आहे. लोभानें दिलेला सल्ला हिताचाही असूं शकतो. स्नेह्यांनीं आतां रागाच्या भरांत बिनखिडकीची स्वस्त खोली ठरविली आहे. वहिनींनीं जन्मांत समुद्र पाहिलेला नाहीं. 1883 सालीं अमेरिकेस निघण्यापूर्वीं आनंदीबाई जोशी यांनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें भर सभेंत आपण कां जात आहोंत, हें स्वतः सांगितलें होतें. वहिनींना मात्र कोणती खोली हवी, हें सल्लागारानेंही विचारलें नाहीं, आणि यजमानांनींही नाहीं.