चिखलाची हौस

यंदा पोळ्याच्या आधी पुतण्याचा इंग्लंडहून फोन आला. तो तिकडे एका कारखान्यात इंजिनीयर आहे. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर जरा अडखळत म्हणाला, "काका, बाबांची बुलेट मी इकडे आणू का? महिना-दोन महिन्यांपुरती. इकडे जुन्या मोटारसायकलींच्या शर्यती असतात, चिखलातून, दगडगोट्यांतून. एकदा तिच्यावर बसून उतरावं, असं फार मनात आहे. तुम्ही हो म्हणालात तरच आईला विचारतो."

धामणगाव बढ्यासारख्या गावात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न ऐकून प्रथम हसू येते. चिखलातून मोटारसायकल चालविण्यासाठी सातासमुद्रापार जावयाचे! आमच्याकडे मृग बरसला की शेताच्या वाटेवर हा सोहळा रोज फुकट असतो. प्रेक्षक म्हणून म्हशी असतात. परंतु हसून झाल्यावर मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. 'आठ दिवसांनी सांगतो' म्हणालो, आणि ते आठ दिवस विचारात गेले. त्या विचारांचे काही येथे मांडतो आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना एखादा कडू घास गिळावा लागला, तर त्यांनी क्षमा करावी.

हा खेळ काय आहे, ते आधी समजून घेतले. त्याचे दोन मुख्य प्रकार. एकात वेगाला मान आहे. शेतामाळावरून, चढउतारावरून जो पुढे जाईल तो जिंकला. १९२४ साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यात कॅम्बर्ली येथे अशी एक शर्यत झाली, आणि तेव्हापासून तिला 'स्क्रॅम्बल' हे नाव पडले. आपण ज्याला झोंबाझोंबी म्हणू, तोच अर्थ. दुसरा प्रकार मला अधिक मोहक वाटला. त्याला 'ट्रायल' म्हणतात. तेथे घाई नाही. ओढ्यातील गोटे, झाडांची मुळे, निसरडे चढ असा थोडाथोडा टापू आखून दिलेला असतो, आणि तेवढ्यातून पाय जमिनीला न टेकता पार व्हावयाचे. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, गाडी थांबली की पाच. शेवटी ज्याच्या नावावर सर्वांत कमी गुण, तो पहिला. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमच्या डोंगराळ मुलखात अशी सहा दिवसांची परीक्षा चालते. तिची परंपरा १९०९ पासूनची. १९५२ आणि १९५७ साली जॉनी ब्रिटन नावाच्या स्वाराने ती जिंकली, आणि दोन्ही वेळा त्याच्याखाली गाडी होती रॉयल एनफिल्डची बुलेट!

म्हणजे आमच्या गोठ्याशेजारच्या पडवीत पोत्यांखाली झाकून ठेवलेल्या गाडीची सख्खी थोरली बहीण. १९५५ पासून मद्रासला बुलेट जुळू लागली, पुढे तेथेच पूर्ण बनू लागली. इंग्लंडमधला मूळ धंदा १९७० च्या सुमारास बुडाला. त्यानंतर १९७७ साली मद्रासच्या बुलेट उलट इंग्लंडला विकावयास जाऊ लागल्या. माहेर बुडाले, आणि सासरी गेलेल्या लेकीने कुळाचे नाव राखले, असा हा प्रकार. पुतण्याची मागणी या दृष्टीने पाहिली तर माहेरपणाची आहे.

पण गोष्ट इतकी गोड नाही.

ती बुलेट माझ्या थोरल्या भावाची, दादाची. १९७८ साली त्याने ती मलकापुरात जुनी विकत घेतली. हौस म्हणून नव्हे. दूध होते, शेत दूर होते, आणि गावात रात्री-अपरात्री कोणाला काही झाले तर वाहन नव्हते. काळ्या मातीचा स्वभाव ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो : ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात चाक धरून ठेवते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा असा गच्च लगदा बसतो की गाडी जागच्या जागी खिळते. दादाने लोहाराकडून पुढचे मडगार्ड वीतभर वर उचलून घेतले. चिखलात जाताना तो टायरमधली थोडी हवा सोडून देई, म्हणजे रबर जमिनीला पसरून धरते. पुतण्याने मला तिकडच्या शर्यतींच्या गाड्यांची चित्रे पाठविली, तेव्हा मी चकित झालो. तीच उंच मडगार्डे! हवेची युक्तीही तीच. ज्या गोष्टी दादाने नडीपोटी शोधल्या, त्या तेथे खेळाडूंनी गुण वाचविण्यासाठी शोधल्या होत्या.

येथे मला पहिला काटा टोचला. एका श्रावणातल्या रात्री सर्प चावलेल्या एका गड्याला मागे बसवून, पडू नये म्हणून धोतराने स्वतःच्या पाठीशी बांधून, दादा मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला गेला होता. गडी वाचला. त्या रात्री नाल्यात दादाचा पाय किती वेळा टेकला, हे कोणी मोजले नाही. तीच गाडी, तोच चिखल, आणि आता त्याचा मुलगा टेकलेल्या पायाचे गुण मोजणाऱ्या पंचांपुढून जाणार! ज्याने तो त्रास भोगला त्याची ही थट्टा नव्हे काय? लादलेले कष्ट आणि निवडलेले कष्ट यांची बेरीज करता येते काय?

मी प्रथम स्वतःशी ठरवून टाकले की, करता येत नाही. निवडलेल्या कष्टातून माणूस वाटेल तेव्हा परत फिरू शकतो. पाच गुण लागतात, एवढेच. त्या रात्री दादाला परत फिरता येत नव्हते. हा फरक मला आजही मोठा वाटतो, आणि जो तो विसरतो त्याच्या तोंडी 'साहस' हा शब्द मला बरा वाटत नाही.

पण मग मला वारी आठवली. दिंडीत चालणाऱ्या माणसाला पंढरपूरला नेणारी एस.टी. असते. तो चालतो. पायाला फोड येतात, पाऊस झोडपतो, आणि कोणी म्हणत नाही की, जे नाइलाजाने अनवाणी चालतात त्यांची ही थट्टा आहे. उलट बहुतेक वारकरी वर्षभर नाइलाजाने चालणारेच असतात! अकरा महिने जे भोगायचे, तेच एका महिन्यात आपल्या इच्छेने करावयाचे, असे काहीतरी त्यात आहे. मोटारसायकलच्या शर्यतीला वारीच्या पंगतीला बसवितो आहे असे कोणी समजू नये. तेथे विठ्ठल नाही. मी फक्त एवढे पाहतो आहे की, निवडलेले कष्ट लादलेल्या कष्टांचा अपमान करतातच, असे नाही.

शिवाय एक गोष्ट मी स्वतःपासूनच लपवीत होतो, ती आता सांगून टाकतो. दादाला तो चिखल आवडत असे. शेताहून येण्यास दोन वाटा होत्या, एक लांबची पण बरी, दुसरी नाल्यातून. घाई नसली तरी तो नाल्यातून येई. कानापर्यंत चिखलाने माखलेला, गाडीवरून उतरताना लहान पोरासारखा हसत असे, आणि आईने विचारले तर "ती वाट बंद होती" म्हणून सरळ थाप मारी. त्या हसण्याला मी काय नाव देऊ? गरज म्हणू की हौस? एकाच माणसाने एकाच गाडीवर सोमवारी जे नाइलाजाने केले ते मंगळवारी आनंदाने केले. गरिबाच्या आयुष्यात हौस अशीच गरजेच्या पोटात लपून राहते. तिला वेगळी खोली मिळत नाही.

दुसरा काटा पैशाचा. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत आमचा बुलढाणा होता. ती कशामुळे जाहीर करावी लागली, हे सणाच्या दिवसांत मी उगाळीत नाही. वाचक जाणतात. अशा जिल्ह्यातून गाडी पेटीत घालून परदेशी पाठवावयाची, पुन्हा आणावयाची, आणि मध्ये दोन-चार दिवस चिखलात लोळावयाचे! एवढ्या पैशात कपाशीला ठिबक होईल, हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला. पैसे पुतण्याचे, कमाईचे, हे खरे. तरी झाला.

आता आमच्याकडील शंकरपट घ्या. बैलांच्या शर्यतींना विदर्भात हे नाव आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा परवानगी मिळाली, आणि २०२३ साली राज्याचा कायदा न्यायालयाने वैध ठरविला. पटाची जोडी नांगराला जुंपत नाहीत. तिला खुराक वेगळा, माया वेगळी. डोक्यावर कर्ज असलेल्या घरीही अशी जोडी मी पाहिली आहे. शिकलेली माणसे अशा वेळी मान हलवून म्हणतात, "म्हणूनच हे वर येत नाहीत." हे वाक्य मला क्रूर वाटते. ज्याच्याकडे काही नाही त्याने हौसही करू नये, हा न्याय श्रीमंतांनी गरिबांसाठी केलेला आहे. स्वतःसाठी त्यांनी तो कधी लावला नाही.

तरीही प्रत्येक हौस निर्दोष असते, असेही मी म्हणणार नाही. मी विचारतो, हौसेची किंमत कोण देतो? पटात बैल धावतो, पण त्याला कोणी विचारलेले नसते. आणि जोडीच्या खुराकासाठी घरच्या बाईच्या गळ्यातले मणी गहाण पडले, तर ती हौस त्या बाईच्या घामावर चाललेली आहे. मोटारसायकलला दुखत नाही, त्यामुळे पहिला आक्षेप गळतो. दुसरा गळत नाही. कारण चालविणाऱ्याला दुखते, आणि त्याच्या आईला त्याहून अधिक दुखते.

डाकार नावाची वाळवंटातली मोठी शर्यत आहे. ती पुरी करणारा पहिला भारतीय मोटारसायकलस्वार बंगळूरचा सी. एस. संतोष, साल २०१५. हाच संतोष २०२१ साली त्याच शर्यतीत असा पडला की डॉक्टरांना त्याला औषधाने बेशुद्ध ठेवावे लागले. तो वाचला, बरा झाला. २०२४ मध्ये केरळचा हरिथ नोआ आपल्या गटात तेथे पहिला आला. यश आणि इस्पितळ यांच्यामध्ये तेथे एखाद्या दगडाएवढेच अंतर असते. पुतण्याची शर्यत त्या मानाने पोरखेळ, पण हाड मोडायला वाळवंट लागत नाही. पुतण्याला मी हे बोलून दाखविले, तेव्हा तो म्हणाला, "काका, शरीर माझंच आहे ना?" मी गप्प राहिलो. खरे म्हणजे माझ्या मनात आले होते की, चाळिशीतल्या माणसाचे शरीर त्याच्या एकट्याचे उरत नाही. त्यावर बायको, मुले, म्हातारी आई अशी बरीच नावे चढलेली असतात, सात-बाराच्या उताऱ्यासारखी. मालक तो खरा, पण इतर हक्कांचा रकाना भरलेला.

मग जुनीच गाडी कशाला, हा प्रश्न मी त्याला विचारला. तिकडे नव्या, हलक्या, हव्या तेवढ्या उसळणाऱ्या गाड्या मिळतात. तो म्हणाला, "नव्या गाडीवर गाडी जिंकते. जुनीवर चुकलो तर मीच चुकलो." हे उत्तर मला पटले, आणि थोडा वेळ त्याचा अभिमानही वाटला. मागून मात्र वाटले की, तो सगळे खरे सांगत नाही. बाप गेला तेव्हा तो तिकडे होता, आणि विमान वेळेवर मिळाले नव्हते. ज्या हँडलवर बापाचे हात होते त्यावर हात ठेवून एकदा तरी त्याच वाटेने जावे, असे त्याला वाटत असेल. आणि ती वाट इथे आता राहिलेली नाही. नाल्यावर पूल झाला, रस्ता डांबरी झाला. बापाचा चिखल शोधण्यासाठी त्याला परदेशात जावे लागते आहे!

अशी गाडी तात्पुरती बाहेर नेण्यासाठी कार्ने नावाचे कागदपत्र करावे लागते. ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळते. त्यासाठी जबर हमी द्यावी लागते, आणि तिचा अर्थ एवढाच की, गाडी तिकडे विकणार नाही, ठरल्या मुदतीत मायदेशी परत आणीन. वर्षभराची मुदत असते. पुतण्या हे सर्व मोठ्या गांभीर्याने समजावून सांगत होता आणि मी मनात म्हणत होतो, बाबा रे, तू गेलास तेव्हा असला कागद आमच्याकडून कोणी करून घेतला नाही.

आठव्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्याने मला आधी विचारावे आणि आईला नंतर, ही आपल्या घरांतली रीत. पण तो निर्णय माझा नव्हता, हे एव्हाना माझ्या ध्यानात आले होते. त्या शेंगा निवडीत बसल्या होत्या. सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अठी पडला नाही का कमी, तं तठी पडाले चालला?" मी काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "त्याइच्या गाडीची मोडतोड करतीन का ते?" मी सांगितले, मोडतोड नाही, पण शर्यतीत पुढचा दिवा काढून ठेवतात. काच फुटली तर कोणाला लागू नये म्हणून.

वहिनींनी सूप खाली ठेवले. "मंग दिवा अठीच राहू द्या," म्हणाल्या. "बाकीचं नेऊ द्या त्याले."

दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्त्रीला बोलावले. गंजलेले स्क्रू निघता निघेनात. रॉकेल घालून तासभर ठोकावे लागले. दिवा निघाला तेव्हा त्याच्या आत वाळलेला काळा चिखल होता. मिस्त्री फडक्याने पुसू लागला, तर वहिनींनी तो तसाच त्याच्या हातून घेतला आणि आत नेला.