कुळाचा नामोच्चार

भक्तहो, दत्तजयंतीच्या सप्ताहात आपण गुरुचरित्राचे पारायण करतो. पहिल्याच अध्यायात सरस्वती गंगाधर आपले कूळ सांगतात : सायंदेव, त्यांचे नागनाथ, त्यांचे देवराव, मग वडील गंगाधर. आई चंपा हिचेही नाव ते आदराने घेतात. आणि आपण? श्राद्धाला गुरुजींनी पणजोबांचे नाव विचारले, की एकमेकांच्या तोंडाकडे बघतो!

एक वही घ्या. स्वतःपासून मागे लिहीत जा. आजीचे माहेरचे नाव आधी विचारा. लग्नात नाव बदलले की ते पुसलेच. जुन्या वंशावळींत तर बायका शोधून सापडत नाहीत. घरात तुम्हीच वडील असाल, तर कुणी विचारायची वाट कशाला बघता? नातवाला हाक मारा, तो लिहील.

पुढचे काम सरकारी कचेरीतले. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असतात, पण बऱ्याचशा मोडीत; जाणकार सोबत न्यावा. नाशिक-त्र्यंबकेश्वरी आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय गाठा. गाव आणि आडनाव सांगितले की ते वही काढतात, आणि त्यात कधीकधी पणजोबांचे हस्ताक्षरही भेटते. निघण्यापूर्वी त्याच वहीत आपलीही नोंद करा, लेकी-सुनांच्या नावांसकट.